टपावरचं ऊन

मी माझ्याच चेकशीटवर दोन्ही सह्या स्वतः केल्या, आणि त्यानंतर साधारण दोन सेकंदांत चार्ज कंट्रोलर, म्हणजे सोलर पॅनल आणि बॅटरी यांच्या मधली डबी, जळाला. आवाज फार झाला नाही. पापड मोडावा तेवढाच. धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि करपलेल्या प्लास्टिकचा वास गाडीभर पसरला.

हे करणारा माणूस एकोणतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता, हे मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. आमच्या खात्यात नियम होता: एकाने वायरी जोडायच्या, दुसऱ्याने तपासायच्या, आणि दुसऱ्याची सही झाल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. हा नियम माझ्या इतका अंगात मुरलेला, की घरच्या गाडीवर सोलर बसवतानाही मी आधी पट्टी घेऊन चेकशीट आखलं. ‘काम करणार’ आणि ‘तपासणार’ असे दोन रकाने. पहिल्यात सही केली. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी, गाडी आणि वॉचमनने पाळलेलं मांजर एवढेच होतो. मग जरा वेगळं वळण देऊन दुसऱ्या रकान्यातही मीच सही ठोकली.

लाल वायर कमी पडली म्हणून मी एक काळीच वायर वापरली होती आणि ओळखीसाठी तिला लाल टेप गुंडाळली होती. एका टोकाला. दुसऱ्या टोकाला गुंडाळायची राहिली, आणि ते टोक मी काळं समजून उलट्या बाजूला जोडलं. तपासणाऱ्याने हे पाहायला हवं होतं, पण तपासणारा आणि जोडणारा एकाच डोक्याचे.

गाडी म्हणजे आमच्या कंपनीची जुनी सतरा सीटची स्टाफ-गाडी. फर्स्ट शिफ्टला मोशीहून चाकणला मी कित्येक वर्षं हिच्यातून गेलो, बहुतेक झोपेत. मी व्हीआरएस घेतली त्याच सुमाराला गाड्यांच्या ठेकेदाराने हीसुद्धा विकायला काढली. मला वाटलं, दोघं एकाच वेळी मोकळे झालोय, तर पुढचंही बरोबरच करावं. सीटा उपसल्या, पत्र्याला आतून लाकूड मारलं, एक ओटा केला, एक पलंग ठोकला. आतच स्वयंपाक, आतच झोप, असं फिरतं घर करायचं होतं. अशा घराला मोटरहोम म्हणतात हे मला मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे कळलं. त्या व्हिडिओंत नेहमी एक हसरं जोडपं असतं, मागे डोंगर असतो आणि बाई मगातून काहीतरी पीत असते.

गाडी घेताना बायकोला विचारलं नाही. विचारायला ती इथे नव्हती. सप्टेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला गेली, दोन महिन्यांसाठी. दोनाचे चार झाले. मग मुलगी कामावर रुजू झाली, जावयाची तर फिरतीची नोकरी, बाळाकडे बघायला घरचं माणूस हवं. यात कुणाचीच चूक नव्हती, हीच खरी पंचाईत. चूक असती तर भांडता तरी आलं असतं. रोज फोनवर ती विचारायची, जेवलात का? मी म्हणायचो, हो, मस्त. मस्त म्हणजे कुकरची खिचडी आणि बरणीच्या तळाशी गेलेलं लोणचं. ‘परत ये’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तिकडे एवढंसं बाळ, आणि इकडे पंचावन्न वर्षांचा धडधाकट बाप्या. मागायचं तरी कुठल्या तोंडाने?

गाडी घेतल्याचं मी फोनवर सांगितलं. मग तिने एकच विचारलं. “त्यात पंखा आहे का?”

गेली दोन वर्षं तिच्या अंगातून अचानक वाफा निघतात. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जाईल. तोवर थंडीतसुद्धा पंखा पाचवर, त्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. मी म्हटलं, आत्ता नाही, पण होईल.

“पंखा चालला तर बघू,” ती म्हणाली. “एप्रिलमध्ये आठ दिवस येतेय मी.”

एवढंच. पण मी ते वाक्य वर्क ऑर्डरसारखं धरलं. एप्रिलच्या आत टपावर दोन पॅनल, खाली बॅटरी आणि उन्हावर चालणारा पंखा. तो चालला तर ती माझ्याबरोबर एक दिवस गाडीत येईल. एक दिवस आली आणि तिला आवडलं, तर मग कदाचित. या कदाचितच्या पुढचं मी मनातसुद्धा म्हणत नव्हतो.

तर जळलेला कंट्रोलर पिशवीत घालून मी चाकण रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे गेलो. वडिलांच्या काळापासून गाड्यांचं वायरिंग करणारं मुसलमान कुटुंब, आमच्या स्टाफ-गाड्याही त्यांच्याकडेच यायच्या. मिस्त्रींनी डबी उघडली, वास घेतला आणि विचारलं, साहेब, हे जोडलं कुणी? मी म्हणालो, आहे एक ओळखीचा.

“त्याला परत गाडीला हात लावू देऊ नका,” ते म्हणाले.

मी मान डोलावली. नवा कंट्रोलर देताना ते म्हणाले की गाडी इथे सोडा, संध्याकाळपर्यंत सगळं करून देतो. मी नको म्हटलं. संध्याकाळपर्यंत झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी काय करणार होतो?

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. रविवारी सकाळी अकराला बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, जरा तपास. तिच्या खांद्यावर बाळ झोपलेलं, त्यामुळे ती कुजबुजत बोलत होती. मी वायरीवरून बोट फिरवत नेलं, बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून कंट्रोलर. तिने प्रत्येक वायर दोनदा दाखवायला लावली, एकदा इकडून, एकदा तिकडून. भाजी निवडताना बघते तसं बघत होती. आमच्या खात्यात असा तपासणारा मला कधी मिळाला नाही. सगळं बरोबर निघालं. मग ती म्हणाली, “अहो, पण तिथे इतका अंधार कसा? अकरा वाजलेत ना?”

मी मान वर केली. समोर आमचीच बारा मजली इमारत. गाडी तिच्या सावलीत. नंतर दिवसभर बसून पाहिलं, तर सावली साडेबाराला हटत होती आणि दोन वाजता पलीकडच्या इमारतीची येत होती. मी वायरींची जाडी मोजली होती, पॅनलखालच्या पट्ट्या मोजल्या होत्या, टपावरची भोकं पाणी ओतून तपासली होती. ऊन तेवढं पाहायचं राहिलं होतं. फ्लॅट घेताना बिल्डरने भरपूर सूर्यप्रकाश म्हणून सांगितलं होतं, ते काही खोटं नव्हतं. तो आमच्या नवव्या मजल्यावर येतो.

दुसऱ्या रकान्यात या वेळी तिची सही मी केली, तिला विचारून. स्विच दाबला. हिरवा दिवा लागला. मी फोन दिव्यासमोर धरला, तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि ती नंतर करते म्हणून गेली. दिवा लुकलुकत राहिला. मांजराला दाखवून पाहिला. त्याला काही वाटलं नाही.

ऊन शोधत मी मोशीतच इंद्रायणीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गेलो. तिथे आजूबाजूला सगळ्या इमारती झाल्यात, मधे एक रिकामा तुकडा आहे. मालक मूळचे गावातले, सत्तरीचे. बाकीची जमीन गेली, एवढी त्यांनी ठेवली आहे. गाडी लावू का, म्हणून विचारलं आणि भाड्याचंही विचारलं.

“लावा की,” ते म्हणाले. “ऊन काय माझ्या बापाचं न्हाई.”

त्यानंतर मी रोज दहाला गाडीपाशी जायचो आणि ते रोज सव्वादहाला. प्लास्टिकची खुर्ची टाकून मला टपावर चढताना बघत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, किती मान्सं ऱ्हानार यात? मी म्हटलं, दोन. दुसरं कुठंय, म्हणाले. मी म्हटलं, हैदराबादला. ते हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. लई लांब की, एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये एका दुपारी पंखा फिरला. बाहेर डांबर मऊ पडलेलं, आणि आत मालक आणि मी त्या एवढ्याशा पंख्यासमोर दोन पालथ्या बादल्यांवर बसलो.

“घरात चार एसी हायत,” ते मग म्हणाले. “पन तिथं बसायला कोन हाय?”

मी त्यांना चहा केला. त्या ओट्यावरचा तो पहिला चहा.

एप्रिलमध्ये ती आली. आठांतले पाच दिवस तिने घर धुण्यात घालवले. फ्रिजमधल्या काही गोष्टी तिने ओळखल्या, काही मलाही ओळखता आल्या नाहीत. सहाव्या दिवशी डबा घेऊन आम्ही निघालो, राजगुरुनगर मागे टाकून धरणाच्या काठापर्यंत. तिथे आलेले बाकीचे लोक झाडाखाली जागा शोधत होते. मी रणरणत्या उन्हात, मधोमध गाडी उभी केली. तिने पदराने कपाळ पुसलं, ते मी आरशात पाहिलं.

पंखा लावला. वांग्याची भाजी आणि पोळ्या झाल्या. ती आडवी झाली आणि बघता बघता तिचा डोळा लागला. मी दारातल्या पायरीवर बसून कंट्रोलरवरचे आकडे बघत होतो. बॅटरी भरत होती, पंखा चालत होता, पाचवर. दोन तासांत मी पंचवीसेक वेळा तरी मागे वळून पाहिलं. तिच्या कपाळावर घाम नव्हता. गेल्या सात महिन्यांत भर दुपारी असं जवळ कुणी झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. दर वेळी वळलो की वाटायचं, उठली की विचारायचं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

ती उठली, केस सारखे केले, थर्मासमधला चहा ओतून मला पायरीवर दिला. पंखा छान आहे म्हणाली, घरच्यापेक्षा आवाज कमी. मी ते वाक्य काढणार, तेवढ्यात ती बसल्या बसल्या शेजारी हात टेकायला गेली तर हात पलंगाच्या कडेवरून खाली गेला. तिने पलंगाकडे पाहिलं, मग पायरीवरच्या माझ्याकडे.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही कुठे झोपणार होतात?”

पलंग मीच ठोकला होता. प्लायवूडवर स्वतः उताणा पडून, दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून. रुंदी अडीच फूट. इतके महिने प्रत्येक गोष्ट मी दोघांसाठी म्हणून करत होतो, असं मला वाटत होतं.

मी म्हणालो, रुंद करतो, दोन दिवसांचं काम आहे. ती म्हणाली, परवा तर माझी गाडी आहे. माझं जुळवलेलं वाक्य मी चहाबरोबर गिळून टाकलं.

तिने दोन्ही कप विसळले, पालथे घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “घाई करू नका. आणि या वेळी माप घ्यायला मी येईपर्यंत थांबा.”