राजपुत्राच्या गाण्याचा अर्थ
परवा जुन्या बाजारात ग्रामोफोनची तबकडी दिसली आणि सोलापुरातलं आमचं भवानी पेठेतलं घर आठवलं. नवरा न सांगता निघून गेल्यापासून माझी अक्का आमच्याकडेच राहत होती. शेजारचे गोव्याचे रेल्वे गार्ड दुपारी एक स्पॅनिश गाणं लावत. हातमागांची खटखट थांबली की ते भिंतीपलीकडून ऐकू येई, आणि ज्वारी निवडता निवडता अक्काचे हात थांबत. "अर्थ विचारून ये की," म्हणून एकदा तिने मला पाठवलं. गार्डांना पोर्तुगीज येई, त्यामुळे थोडंफार कळे. ते म्हणाले, "राजपुत्र एकटाच राजकन्येची वाट बघत म्हातारा होतो. ती येत नाही." मी घरी येऊन अक्काला सांगितलं, "शेवटी ती परत येते." कितीतरी दिवसांनी अक्का हसली. त्याच आठवड्यात तिला शिक्षिका होण्याच्या प्रशिक्षणासाठी पुण्याहून बोलावणं आलं, तर ती नको म्हणाली. "हे आले आणि मी हितं नसले तर?" मी काहीच बोलले नाही. ते कधीच आले नाहीत. अक्काचं आयुष्य चुलीपुढेच संपलं, आणि मी शिकून शिक्षिका झाले. खोटं बोलले ते तिला बरं वाटावं म्हणून. पण नंतर गप्प का राहिले, हे आज कबूल करते. ती गेली असती तर घरकामासाठी माझी शाळा सुटली असती.