बर्नर उलटा करून बघणारी शैलामावशी

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, बाकीचं नंतर. तुमच्या शेगडीची ज्योत पिवळी येत असेल, पातेल्याचं बूड काळं होत असेल, किंवा गॅस बर्नरच्या वरून न पेटता खालून पेटत असेल, तर आधी उठा आणि बंद करून या. मी थांबते... केलात? आता वाचा. हे सगळं माझं नाही, माझ्या शैलामावशीचं आहे. ती गेल्या महिन्यात गेली, आणि ती असती तर हेच पहिलं वाक्य ठेव म्हणाली असती. स्वतःचं नाव तिने शेवटी टाकायला लावलं असतं.

बातमी आली तेव्हा मी घाटकोपरला आमच्या घरी भेंडी चिरत होते. आईचा फोन वाजला, आई "हं... हं..." एवढंच म्हणाली आणि गॅस बंद केला. मग मला म्हणाली, "शैला गेली गं. झोपेतच." मी रडले वगैरे नाही. का कुणास ठाऊक, माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की आता तिच्या मुलुंडच्या घरात शेगडी कोण बघणार? वाचायला विचित्र वाटेल, पण मावशीला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांच्याही डोक्यात हेच आलं होतं.

मावशी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर खात्यात होती. आयुष्यभर खिडकीच्या आत बसून लोकांना स्पेअर पार्ट दिले. लोक यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, ते गोल असतं ना, ते द्या." मावशी म्हणायची, "गोल लाडू पण असतो. जुना पार्ट घेऊन ये." रिटायर झाली तरी ही सवय गेली नाही, फक्त खिडकीच्या जागी तिच्या घराचा दरवाजा आला. बिल्डिंगमधल्या कुणाच्याही शेगडीचं काही बिघडलं की ते मावशीकडे. नॉब तुटला, बर्नरला चीर गेली, जाळीचा पाय गेला. ती दुकानात जाऊन "अमुक कंपनीचं दोन बर्नरवालं मॉडेल" असं कधीच सांगायची नाही. जुना तुकडा धुऊन, पुसून, रुमालात बांधून न्यायची आणि काउंटरवर नव्याच्या बाजूला उलटा ठेवायची. म्हणायची, वरून सगळे बर्नर सारखेच दिसतात गं, आईबापाला पण ओळखू येणार नाहीत. खरं काय ते बुडाशी कळतं, जिथे तो बसतो तिथे. तिथे जराही डुगडुगला तर तो आपला नाही, फुकट दिला तरी नाही.

स्वयंपाक मात्र, यार, भयानक करायची. तिच्या हातचा उपमा म्हणजे सिमेंट. पण शेगडी झकास.

एकदा आमच्याकडे दुपारी गॅसचा वास यायला लागला, तेव्हा मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "कुठून बोलतेयस?" मी म्हटलं, "किचनमधून." "बाहेर हो आधी! फोन घेऊन बाहेर! रेग्युलेटर बंद केलास?" "हो." "खिडक्या?" "उघडतेय. फॅन लावू का, वास जाईल?" त्यावर जी ओरडली ना... "बटणाला हात लावायचा नाही! बंद असेल ते बंद, चालू असेल ते चालू!" मग एजन्सीच्या माणसाला बोलवायला लावलं. तो येऊन सिलिंडरच्या तोंडातला वॉशर बदलून गेला. मी नंतर म्हटलं, एवढासा रबराचा वॉशर, तूच बदलला असतास. तर म्हणाली, "उचलून परत ठेवायचं ते आपलं. गॅस ज्यातून वाहतो ते त्यांचं." तिची सगळी अक्कल ही एवढीच होती, आणि ती तिने कधी ओलांडली नाही. गळती बघायची तर साबणाचा फेस लावून, बुडबुडे येतात का बघायचं. काडी पेटवून बघणारा माणूस एकदाच बघतो, असं म्हणायची.

आणि काका. मावशीचे मिस्टर. ते या सगळ्यात कुठे असायचे? तर बॅटरी धरायला. मावशी ओट्यावर वाकलेली, काका मागे बॅटरी घेऊन उभे. "इकडे धरा हो. माझ्या डोळ्यात काय मारताय?" बाकी शेगडीला त्यांनी हात लावायचा नाही, चहासुद्धा नाही.

म्हणून तर प्रॉब्लेम झाला. मावशी गेल्यावर त्यांचा मुलगा, निखिलदादा, बोरिवलीहून आला आणि पहिल्या दोन दिवसांतच त्याने ठरवून टाकलं की फ्लॅटला कुलूप लावायचं आणि बाबांना घेऊन जायचं. वाईट हेतू नव्हता हां, घाबरला होता बिचारा. सारखं एकच, "बाबांनी जन्मात गॅस लावला नाही. एकटे राहिले तर वाट लागेल." काका म्हणत, "मी इथेच राहणार." दादा म्हणे, "आणि खाणार काय?" शेवटी ठरलं की तेरावं होऊ दे, मग बघू.

आमच्याकडे सुतकात घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी डबे आणतात, चहा थर्मासमधून येतो. त्यामुळे इतके दिवस शेगडी बंदच. तेराव्याच्या आदल्या दिवशी घर धुवायला काढलं. काकांची बहीण, कुंदाआत्या, कणकवलीहून आलेली, तिने किचन ताब्यात घेतलं. माळ्यावरची पितळी भांडी काढून घासली, ओटा घासला, फरशी घासली. आम्ही फक्त "आत्या, बसा हो जरा" म्हणत होतो.

तेरावं झालं, स्वयंपाक बाहेरून आला होता. पाहुणे गेले. दुपारी काका म्हणाले, "चहा मी करतो." आम्ही सगळे किचनच्या दारात उभे, जणू परीक्षाच चाललीय. काकांनी पातेलं ठेवलं, लायटर धरला... आणि भप्प! पिवळीधमक ज्योत, तीही बर्नरच्या खालून, पार नॉबपर्यंत आलेली.

दादा ओरडला, "बंद करा! बाबा, बंद करा!" काकांनी आधीच नॉब फिरवला होता, मग भिंतीवरच्या पाइपचा कॉक पण बंद केला. ज्योत गेली, वास राहिला. दादाने एक्झॉस्टच्या बटणाकडे हात नेला, तर काका असे कडाडले की मी दचकले. "हात लावू नकोस बटणाला! खिडकी उघड!"

काकांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सगळे हॉलमध्ये येऊन बसलो. दादा म्हणाला, "बघितलंत ना? आत्ताच बॅग भरा. शेगडी टाकून देऊ, गॅस कापून टाकू." वास गेला, शेगडी गार झाली, तेव्हा काका उठून आत गेले. आम्ही मागे. त्यांनी तो चकचकीत बर्नर उचलला आणि उलटा केला.

"हा आपला नाही."

"बाबा, बर्नरसारखा बर्नर आहे," दादा म्हणाला.

"वरून आहे. बूड बघ." त्यांनी तो परत जागेवर ठेवला आणि बोटाने टिचकी मारली. डुगडुगला. मग वळून म्हणाले, "कुंदा, हा कुठून आणलास?"

आत्या पदर सावरत म्हणाली, "माळ्यावर पितळेच्या भांड्यांत गावलो. तुमचो तो काळोकुट्ट झालेलो. म्हटलंय, ह्यो चकचकीत आसा, ह्योच लावया. माका काय ठावक?"

जुन्या शेगडीचा होता तो. मावशीने मोडीत द्यायला म्हणून भांड्यांत टाकलेला. आणि आताच्या शेगडीचा बाल्कनीत चिंचेच्या पाण्यात भिजत पडला होता, आत्या विसरूनच गेलेली. काकांनी तो धुतला, एकेक भोक टाचणीने मोकळं केलं, आणि लावला नाही. उन्हात ठेवला. "ओला लावला तर परत पिवळी येणार." मग गॅस कंपनीला फोन करून माणूस बोलावला. म्हणाले, ज्योत नॉबपर्यंत गेली होती, नळी त्याने बघितल्याशिवाय मी लावणार नाही.

माणूस आला, फेस लावला, बुडबुडा आला नाही. नळी चांगली होती. सुकलेला बर्नर बसवला, पेटवला... निळी, गोल, शांत.

दादाने वाकून ज्योत बघितली. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला हे कधीपासून येतं?"

"बॅटरी जिथे धरायची, तिथे बघावं तर लागतंच ना रे," काका म्हणाले.

दादा एकटाच बोरिवलीला गेला. काकांचा चहा, खरं सांगते, मावशीच्या उपम्याच्या तोडीचा झाला होता. सगळ्यांनी प्यायला.

परवा मी मुलुंडला गेले होते. हॉलमध्ये सोफ्यावर पडून फोन बघत होते. किचनमधून काकांचा मोठा आवाज आला, "लावतोय गं!" मी ओरडले, "हो काका, लावा!" लायटर वाजला नाही. काका दारात आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुला नाही सांगितलं." आणि आत गेले. मग लायटर वाजला.

मी फोन बाजूला ठेवला. तुमच्याकडे झालंय का हो असं? घरातलं माणूस गेल्यावरही कुणीतरी त्याला सांगूनच काम करतं, असं? आणि तुम्ही मध्येच "हो" म्हणालात, तर तुम्हालाही कुणी असंच गप्प केलंय का?