न चिरलेल्या भाज्या

त्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने, विनूने, शेजारच्या दुबे अंकलच्या डोक्यात विळी घातली. अंकल गेले. पोलीस विनूला घेऊन गेले. त्याच वर्षी बाबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आम्ही क्वार्टर सोडलं.

ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा दुबे आंटी त्यांच्या पायरीवर बसून होत्या. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. फोडणीचा वास गेला की तिकडून हाक यायची, "भाभी, आज क्या पक रहा है?" बाबा नेहमी म्हणायचे, "क्वार्टर कारखान्याचं, शेजार आपला." निघताना त्यांनी आंटींना हात जोडले. आंटी उठून आत गेल्या.

कारखान्याच्या टाउनशिपमधून जे पुण्याला गेले, अमेरिकेला गेले, ते म्हणतील, भोपाळातल्या भोपाळात नेहरू नगरला येणं हे कसलं स्थलांतर? पण टाउनशिपमध्ये कारखान्याच्या भोंग्यावर सगळ्यांचा दिवस चालायचा, आणि कोणाचा मुलगा कितवीत हे फाटकावरच्या चौकीदारालाही ठाऊक असायचं. नेहरू नगरात आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. म्हणूनच तर आलो. कोणी विचारलं की आई सांगायची, "एक बेटी है." मी शेजारी उभी असायची.

विनूला आवाज ऐकू यायचे. अंकल भिंतीपलीकडून आपल्याला मारायचा बेत करताहेत, अशी त्याची खात्री झाली होती. तो भानावर नव्हता हे न्यायालयाने मानलं आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवलं. तो बरा व्हायच्या आधीच बाबा वारले. पुढे डॉक्टर म्हणाले, आता याला घरी न्या. गोळ्या चुकवू नका, आणि घरच्यासारखं वागवा.

आईने त्याच्यासाठी खोली लावली, पुरण शिजवलं. आणि तो यायच्या आदल्या दिवशी घरातली विळी, सुऱ्या, शिवणाची कात्रीसुद्धा जवाहर चौकात मावशीकडे नेऊन ठेवली. मग हाताने मोडता येतील त्याच भाज्या घरात येऊ लागल्या. पालक, गवार, फ्लॉवर, उकडून कुस्करलेले बटाटे.

एके दुपारी जेवताना विनू म्हणाला, "आई, चातुर्मास लागला का गं? कांदा दिसत नाही तो."

"पित्त होतं मला."

"आणि भेंडीने? भेंडीनेपण पित्त होतं?"

तो एकटाच हसला. मग ताटातल्या गवारीकडे पाहत राहिला, आणि जेवण तसंच टाकून हात धुवायला उठला.

संध्याकाळी मला म्हणाला, "ताई, तिला माझी भीती वाटते. आणि ते मला कळू नये म्हणून ती रोज गवार मोडत बसते. मला नाही बघवत."

बरी झालेली माणसं मिळून राहतात असं एक घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तो तिकडे गेला. आईने डबा भरून दिला. "जाऊ नकोस" म्हणाली नाही. रिक्षा वळल्यावरही बराच वेळ दारात उभी होती.

काही महिन्यांनी मी तिला तिथे घेऊन गेले. स्वयंपाकाची पाळी विनूची होती. सगळ्यांसाठी तो सुरीने कांदा चिरत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारचा माणूस त्याला म्हणत होता, "बारीक काट यार, भैंस का चारा है क्या?" त्याच्या हातांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. आई दारातच थांबली.

परतताना तिने रिक्षा जवाहर चौकाकडे वळवायला लावली. मावशीकडून विळी घेतली, पिशवीत घातली. म्हणाली, "रविवारी जेवायला बोलावते, तेव्हा त्याला सांगते, आता घरीच राहा म्हणून."

तो रविवारी आला. तिने त्याला भरली भेंडी वाढली. सांगितलं नाही. पुढच्याही रविवारी नाही. तोही काही विचारायचा नाही. असंच चालू असताना आई एका सकाळी झोपेतच गेली.

अग्नी विनूने दिला. घरी आल्यावर समोरच्या वहिनींनी मला हळूच विचारलं, "ये भैया कौन हैं?"

"मेरा भाई."

"आंटी ने कभी बताया नहीं."

विनू तिथेच होता. त्याने मान खाली घातली आणि बाहेर जाऊन चपला नीट लावत बसला.

आजही तो रविवारी येतो. जेवतो, माझी पुस्तकं चाळतो. मी दर वेळी म्हणते, राहा आता इथेच. तो "बघू" म्हणतो आणि संध्याकाळच्या बसने परत जातो. आई नाही, बाबा नाहीत. आम्ही दोघं आहोत, आणि दोन पत्त्यांवर राहतो.