दोन गाड्यांची वाट

आमचं गाव तीन बाजूंनी अडवलेलं आहे. पश्चिमेला डोंगर, उत्तरेला खडकाळ माळ, पूर्वेला ओढा. दक्षिणेकडून पारनेरचा डांबरी रस्ता येतो आणि गावात येऊन संपतो. हे मला चौथीत गुरुजींनी शाळेच्या अंगणात मातीवर रेघा ओढून शिकवलं. त्यापुढे मी शिकले नाही. लग्न गावातल्या गावातच झालं, त्यामुळे दुसरा कुठला भूगोल कामाला आला नाही.

पहिलं गाव ओढ्याच्या पूर्वेला होतं. आता तिथं आमची शेती आणि वस्ती आहे. त्या जागेला पांढर म्हणतात, कारण माती राखेसारखी आहे. नांगर घातला की खापऱ्या निघतात, जात्याचे तुकडे निघतात, बांगड्यांच्या काचा निघतात. गाव तिथून का उठलं ते कोणी धड सांगत नाही. काही म्हणतात प्लेग आला. सासू म्हणायची, विहिरीचं पाणी मचूळ झालं. माणसं उठली, ओढा ओलांडून पलीकडे राहिली. देव नेला, चावडी नेली. जुन्या गावाकडे येणारी वाट तेवढी मागे राहिली.

लग्न झालं तेव्हा मी त्याच वाटेनं बैलगाडीतून सासरी आले. समोरून कडब्याची गाडी आली होती. दोन्ही गाड्या एकमेकींना घासून गेल्या, पण कोणाला उतरावं लागलं नाही. वाट एवढी रुंद होती. माझे मालक वारले तेव्हा त्यांना त्याच वाटेनं नेलं. उजव्या हाताच्या दोन खांदेकऱ्यांना ज्वारीतून चालावं लागलं.

मधल्या वर्षांत काय झालं ते सगळ्या शिवाराला माहीत आहे. आमच्याकडे नांगरट करताना दरसाल एक तास जास्त घ्यायची रीत आहे. तास म्हणजे नांगराची एक रेघ, वीतभर माती. वाटेच्या एका अंगाला आमचं रान, दुसऱ्या अंगाला माझ्या चुलत दिराचं. मालक इकडून एक तास घ्यायचे, दीर तिकडून. मग दोघं मधल्या बांधावर बसून तंबाखू मळायचे. कोणी कोणाला विचारलं नाही. मी भाकरी घेऊन जायची, मलाही दिसत होतं. मीही बोलले नाही, कारण रान वाढलं तर कोणाला नको असतं?

पुढे मुलानं आमच्या बाजूला कांद्याची चाळ बांधली. चाळ म्हणजे कांदा चार-सहा महिने टिकावा म्हणून फळ्यांच्या भिंती आणि वर पत्रे घालून केलेलं लांब खोपटं. ती त्यानं नेमकी खाल्लेल्या वाटेवर बांधली. गाडीवाटेची जमीन दाबून दाबून दगडासारखी झालेली असते, पाया खचत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मुलाच्या ट्रॅक्टरखाली दिराची ठिबकची नळी आली. दोघांची शिवीगाळ झाली. दुसऱ्या दिवशी दिरानं जेसीबी आणला, वाटेच्या तोंडावर पुरुषभर खोल चर खणला आणि पलीकडे तार ओढली. वाट कधी नव्हतीच, म्हणाला.

मुलगा आणि सून बांधावरून, बाभळीखालून वाकून जात. दुधाची किटली सून डोक्यावर न्यायची. माझे गुडघे गेलेले. मी मे महिन्यापर्यंत वस्तीवरच होते. दाढ दुखली तेव्हा लवंग चावून बसले. शेवटी दाढच पडली. गावात माझी थोरली बहीण वारली. मुलगा म्हणाला, पाठीवर घेतो. चरात घसरला असता तर दोघं मोडलो असतो, म्हणून नको म्हटलं. दुपारी ओढ्यापलीकडे धूर दिसला, तो बघितला आणि घरात आले.

मुलानं तहसीलला अर्ज केला होता. मे महिन्यात मंडळ अधिकारी पाहणीला येणार असा निरोप आला. शिवारात सर्वांत म्हातारी मी, म्हणून जबाब माझा घ्यायचा होता. आदल्या दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, "आई, इचारलं तर सांगायचं, वाट समदी त्याच्याच रानातनं हुती."

"न्हवती की."

"तुला काय जातंय सांगायला?"

"आन् चाळ?"

त्याचा घास थांबला. "चाळीचं कुनी इचारत न्हाई. तू काढू नको म्हंजे झालं. कालच भरलीय. एवढा कांदा कुठं घालू?"

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही, जेवता जेवताच केला. मी खोटं बोलले तर दीर चाळीकडे बोट दाखवणार. मग मोजणी, अपील, वकील, तारखा. मुलाचं वय आहे, तो तारखा करील. मी त्याआधी इथंच मरेन, आणि मला बाहेर काढतानाही चर आडवा येईल.

मंडळ अधिकारी तलाठीबाईंना घेऊन पायीच आले, पँटला कुसळं लागलेली. गावाचा नकाशा बाजेवर पसरला. त्यात दोन तुटक रेघा ओढ्यापासून आमच्या पांढरीपर्यंत येत होत्या. दीरही येऊन उभा राहिला.

"आजी, इथं वाट होती का?" साहेबांनी विचारलं.

"हुती. दोन गाड्या समोरासमोर आल्या तरी कुनी उतरत न्हवतं."

"सायेब, म्हातारीला आता नीट दिसत न्हाई," दीर म्हणाला.

"भावजी, तुमी दिसताय. तेवढं दिसलं तरी पुरं हाय."

तलाठीबाई हसल्या. साहेब हसले नाहीत. "मग वाट गेली कुठं?"

"आमी खाल्ली. अर्धी ह्यांनी, अर्धी आमच्या मालकांनी. दरसाल एक तास."

दीर पुढे सरकला. "लिवून घ्या सायेब, बाईनं कबूल केलं."

"लिवा की. पन ह्यांची अर्धी बी लिवा. न्हाई म्हनत असतील तर त्यांनी खंडोबाच्या देवळात येऊन म्हनावं, मी येते. चर तेवढा बुजवा आदी."

खंडोबाचं नाव निघाल्यावर दीर मागे सरकला, "लिवा, आमची बी अर्धी," म्हणाला. साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं, मान वर करून चाळीकडे बघितलं. "आजी, तुमची ही चाळ वाटेत येते. कळतंय ना?"

"मला कळतंय. पोराला बी कळतंय. म्हनून तर तो तिकडं बघतोय."

तलाठीबाईंनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. मी पेन मागितलं आणि सही केली. मुलगा गोठ्यात निघून गेला.

पुढचं लवकर झालं. दोन्हीकडची कबुली कागदावर असल्यामुळे भांडायला काही राहिलं नाही. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले. दिराची डाळिंबाची एक ओळ गेली, आमची चाळ गेली. चर बुजवायला तोच जेसीबी आला. मुलानं पत्रे आणि फळ्या स्वतः उतरवल्या. त्या आठवड्यापासून तो माझ्याशी बोलत नाही.

वाट झाल्यावर मी दोनदा गावात गेले. मोटारसायकल आता दारापर्यंत येते, भाच्यानं नेलं. बहिणीच्या घरी चहा झाला. तिची सून म्हणाली, "मावशी, दहाव्याला बी आला न्हाईत." मी वाटेचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, खरं मानलं की नाही कळलं नाही. बसण्यासारखं आणखी काही नव्हतं, परत आले.

चाळीतला सगळा कांदा आता घरात आहे. ओसरीवर, मधल्या खोलीत आणि माझ्या खोलीत खाटेच्या तिन्ही बाजूंनी कमरेएवढा ढीग. दारापर्यंत पाऊल मावेल एवढी जागा सोडलीय, तिथून मला आडवं होऊन सरकावं लागतं. पहिल्या दिवशी सून म्हणाली, "आत्या, वाट पायजे हुती ना, ही घ्या." मी म्हटलं, "जरा रुंद ठेवली असतीस तर बरं झालं असतं."

बंद खोलीत कांदा टिकत नाही, खालून सडत जातो. वासानं डोकं धरतं. मी दिवसभर खाटेवर बसून हाताला लागतील तेवढे सडके निवडून पाटीत टाकते. संध्याकाळी मुलगा येतो, भरलेली पाटी उचलतो, रिकामी ठेवतो आणि जातो.