साहेब गोड बोलायला लागले

साहेब माझ्याशी गोड बोलायला लागले, तेव्हाच मी ओळखलं की आपली नोकरी गेली.

सेलूच्या एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढतात तिथं, मी काट्यावर आहे. काटा म्हणजे गाड्या तोलायचा वजनकाटा. कापसाची गाडी आली की भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, पावती फाडायची आणि ‘वजन कमी कसं भरलं’ म्हणून शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. त्या खाऊन झाल्या की जुने साहेब स्वतःच्या घेऊन तयार असत. “ए परकाश, झोपलास का रे काट्यावर?” हा त्यांचा नमस्कार होता. अर्धं आयुष्य असं गेलं. घरी आलो की बूट काढायचंही त्राण उरत नसे. पण ज्याला रोज शिव्या मिळतात त्याची नोकरी पक्की असते, हे आमच्या फॅक्टरीत लहान लेकरालाही ठाऊक आहे.

संक्रांतीच्या सुमाराला जुने साहेब रिटायर झाले आणि संभाजीनगरहून नवे आले. वयानं माझ्यापेक्षा लहान. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारपूस केली. गाव कोणतं, आडनाव काय, सासुरवाडी कुठली. (आमच्याकडे एवढं कळल्याशिवाय माणूस माणसाला चहासुद्धा विचारत नाही.) माझी सासुरवाडी पेडगाव म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “कोणाच्या घरची?” मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. साहेब माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “बसा.”

बसा! इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. मी बसलो, पण अर्ध्याच खुर्चीवर.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बिघडत गेलं. मी काट्यावर निघालो की साहेब म्हणायचे, “तुम्ही कशाला उन्हात जाता? गणेश जाईल.” गणेश म्हणजे आमच्याकडचा हंगामी माणूस. तो जायचा. मी पावत्या लिहायला घेतल्या की, “राहू द्या, डोळ्यांना त्रास होतो.” चहा सगळ्यांना कागदी कपात यायचा, मला कपबशीत. उन्हाळा तापला तशी साहेबांनी ऑफिसातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं. बाकीची माणसं घामानं निथळत माझ्याकडे अशी बघायची की त्या थंड वाऱ्यातही मला घाम फुटायचा.

घरी सांगायची सोय नव्हती, पण सुमननं चेहरा वाचला. सुमन म्हणजे आमची बायको. “काय झालंय? जेवण जाईना का तुमाला?”

“साहेब लय चांगले वागायलेत,” मी म्हणालो.

तिनं भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि माझ्या चुलत भावाला, उत्तमला, बोलावलं. उत्तम दोन घरं सोडून राहतो. त्याच्या बऱ्याच नोकऱ्या गेलेल्या असल्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला गल्लीत फार वजन आहे.

“दादा, चहा कशात देतेत?”

“कपबशीत.”

उत्तमनं डोळे मिटले. “पुण्याच्या कंपनीत मॅनेजरनं माझ्या खांद्यावर हात ठिवला होता. म्हणला, उत्तम, तब्येत सांभाळ. महिना झाला न्हाई अन् मी गेटच्या भाईर. काम काढून घेतलंय का?”

“सगळं.”

“मग झालं. सीझन संपला की नारळ.”

मोठ्या पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, आणि या वयात काट्यावरच्या माणसाला दुसरा काटा कोण देणार? सुमन नुसती करपलेल्या भाकरीकडे बघत राहिली. त्या रात्री मला खरंच भीती वाटली.

मग उपाय सुरू झाले. पहिला उत्तमचा, असा की आपल्यावाचून फॅक्टरीचं अडलं पाहिजे. म्हणून मी काट्याच्या खोलीची किल्ली संध्याकाळी खिशात घालून घरी आणली. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी माझी स्कूटर पंक्चर झाली. ढकलत ढकलत फॅक्टरीवर पोचलो तर कापसाच्या गाड्यांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत गेलेली. शेतकरी खवळलेले, गणेश कुलपाशी दगड घेऊन उभा. मला मनातून आनंद झाला. म्हटलं, आता तरी साहेब ओरडतील. साहेब धावत आले, माझ्या हातातून स्कूटर घेतली आणि म्हणाले, “किती त्रास झाला तुम्हाला. फोन करायचा होता, मी गाडी पाठवली असती.” आणि मला कूलरसमोर नेऊन बसवलं.

दुसरा उपाय सुमनचा. साहेबाच्या पोटात शिरायचं. तिनं ज्वारीची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घालून दिली. डबा दिला तसे साहेब उभे राहिले, दोन्ही हातांनी घेतला, एक घास खाल्ला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. (तिखट जास्त झालं असेल असं मला वाटलं. सुमनचा हात तिखटाला सढळ आहे.) संध्याकाळी डबा परत आला. त्यात साखर होती, वर खण आणि नारळ.

सुमन खणाकडे बघत राहिली. “आवो, नोकरीवरून काढताना ओटी भरतेत का?”

“पुण्यात फुलांचा गुच्छ देतेत,” उत्तम म्हणाला. “इकडं हे देत असतील. नारळ मिळालाच की वैनी.”

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. तिसरा उपाय माझा स्वतःचा, त्यामुळे त्याचं श्रेय मला दुसऱ्या कोणाला देता येत नाही. मी साहेबांना वगळून थेट मालकांकडे गेलो.

“मालक, साहेब मला काम करू देईनात.”

मालकांनी चष्मा काढला. “म्हणजे?”

“नुसतं बसवून ठेवलंय. बसून बसून अंग आखडलं.”

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून.”

“आणि काटा?”

“गणेश बघतो.”

“त्याचं काही चुकतं?”

इथं मला एक छोटंसं खोटं बोलता आलं असतं. पण अर्धं आयुष्य काट्यावर काढलेल्या माणसाला ते जमत नाही. “न्हाई मालक, चांगलं बघतो.”

“म्हणजे तुमच्याशिवाय चालतंय.”

“लय चांगलं चालतंय,” मी म्हणालो, आणि मग आपण काय म्हणालो ते मला ऐकू आलं. मालक हसले. “बरं केलं सांगितलंत,” म्हणून त्यांनी चष्मा परत घातला. मी कसाबसा जिना उतरलो.

दोनच दिवसांनी साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि खाली वाकून म्हणाले, “रविवारी माझ्या घरी जेवायला या. जोडीनं या. नाही म्हणायचं नाही.”

“निरोपाचं जेवण,” उत्तमनं निदान केलं. “पोटभर जेवा. पुण्यात मला नुसता समोसा दिला होता.”

रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. सुमननं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. मी आरशासमोर पाठ केलेलं भाषण मनात घोकत होतो, की साहेब, निदान पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी ठेवा.

दारातच साहेबांच्या बायकोनं माझ्या पायांवर कोमट पाणी घातलं. आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी. मला पाटावर बसवून ओवाळलं. हातात शर्ट-पॅन्टचं कापड ठेवलं, डोक्यावर टोपी घातली. तांब्याच्या ताटात दिवा आणि अनारसे आले. मला वाटलं, एवढ्या थाटानं आजवर कोणाची नोकरी गेली नसेल. माझा धीर सुटला आणि मी पाटावरूनच हात जोडले. “साहेब, एवढं नका करू. फक्त पोरीची परीक्षा होईपर्यंत ठेवा.”

साहेब गोंधळून माझ्याकडे बघत होते. आणि सुमन त्यांच्याकडे बघत होती. तिनं त्यांना आजवर कधी पाहिलेलं नव्हतं, आणि घरी मी त्यांचा उल्लेख ‘नवे साहेब’ एवढाच करत असे.

“बंडू?” ती म्हणाली. “तू आमच्या गल्लीतला बंडू न्हवं का?”

“ओळखलंस का ताई,” साहेब म्हणाले, आणि वाकून तिच्या पाया पडले.

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. साहेब मूळचे पेडगावचे. शाळेत असताना घरात खायचे वांधे, तेव्हा माझ्या सासूबाईंनी त्यांना कितीतरी दिवस जेवू घातलं होतं. अशीच धपाटी, अशीच चटणी. आणि गावच्या लेकीचा नवरा तो गावाचा जावई, या न्यायानं मी त्यांचा दाजी लागत होतो! चालू होता तो अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात आमच्याकडे जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. पण माझे सासू-सासरे जाऊन वर्षं झाली, सुमनला भाऊ नाही, आणि मला कोणी जावई म्हणून बोलावल्याला इतका काळ लोटला होता की मान दिला तरी मला तो ओळखू येईना.

“ऑफिसात नातं काढलं असतं तर लोक म्हणले असते, साहेबानं आल्या आल्या पाव्हणेच जवळ केले,” साहेब म्हणाले. आता त्यांची बोलीही पेडगावची झाली होती. “म्हणलं, धोंड्याला बोलवून सांगू. पण दाजीला काम सांगायला माझी जीभच उचलंना.”

सुमन रडत होती. माहेर बंद झालेली बाई अशी रडते तेव्हा तिला गप्प करू नये. मी धोंडा मोडून तोंडात घातला. बऱ्याच दिवसांनी घास गोड लागला.

“फक्त एक वाईट बातमी हाय,” साहेब म्हणाले. “मालक म्हणतेत, काट्यावर माणूस जास्त झालाय. सीझन संपला की तुमाला कमी करा. कोणीतरी जाऊन चुगली केली, की तुमी दिवसभर नुसतं बसून असता. नाव सांगंनात मालक, नुसतं हसतेत. कोण नालायक हाय, सापडू द्या मला.”

धोंडा माझ्या घशात जागच्या जागी थांबला.

सुमननं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. “ह्योच.”

पाणी पिऊन मी सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळ धरलं. मार्ग सुमननंच काढला. “बंडू, उद्यापासून ह्यांला दाजी समजू नको, गडी समज. उन्हात पाठव. अन् मालक दिसले की वरडायचं.”

“ताई, जावयावर कसं वरडू? पाप लागंल.”

“लागलं तर मी बघते. ह्यांचं काम गेलं तर मला कोण बघणार हाय?”

दुसऱ्या दिवशी कूलर वळला, कपबशी गेली आणि मी काट्यावर उभा राहिलो. मालकांची फेरी आली की साहेब आधी माझ्याजवळ येऊन पुटपुटायचे, “दाजी, माफ करा,” आणि मग ओरडायचे, “कुठं लक्ष आहे तुमचं?” ओरडताना तोंड एवढंसं व्हायचं. मला दया यायची. मीच हळूच सांगायचो, “साहेब, जरा जोरात. मालक लांब हायत.”

पण मालकांना पटलं. सीझन संपला, हंगामी माणसं आपापल्या शेतावर गेली, मी राहिलो. आणि मी दमायला लागलो तो पहिल्यासारखाच. उन्हानं, धुळीनं, शिव्यांनी.

परवा मात्र गंमत झाली. सरकीच्या ट्रकची पावती मी ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, ट्रकवाल्याच्या हातात दिली आणि तो जिंतूरच्या वाटेला लागला. साहेब केबिनमधून पळत आले. मालक गावात नव्हते. साहेबांनी माफी मागितली नाही की आजूबाजूला बघितलं नाही. “गाढवा, डोळे हायत का बटणं?” एवढं म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. “दाजी, चुकून...”

“राहू द्या साहेब,” मी म्हणालो. “लय दिवसांनी बरं वाटलं.”

संध्याकाळी सुमनला सांगितलं, “आज बंडू मालक नसताना वरडला. गाढव म्हणला.”

तिनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. “मनापासून म्हणला का?”

“अगदी मनापासून.”

“मग जेवा अन् निवांत झोपा.”

आणि खरंच, संक्रांतीनंतर पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली. जावई झाल्यावर उडालेली झोप गाढव झाल्यावर परत आली.