तड्याच्या हातची कवळी

ज्या माणसाचे दात त्याच्याच घशात घालायचे असं तड्याने बावीस वर्षं ठरवून ठेवलं होतं, तो माणूस एका मंगळवारी सकाळी बिनदाताचाच समोर येऊन बसला. तड्याला क्षणभर वाटलं, हाही आपल्यावर झालेला आणखी एक अन्यायच.

तड्याचा धंदा कवळ्यांचा. शेजारच्या खोलीत दातांची डॉक्टरीण बसायची. ती दात उपटायची आणि रिकामं तोंड भिंतीपलीकडे याच्याकडे पाठवायची. मी पाडते, तुम्ही बांधा, असा दोघांचा सरळ करार. त्याच्या खोलीत खिडकीखाली लांबट टेबल, त्यावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, बोटाएवढ्या सुऱ्या. आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. नवीन माणूस त्या जबड्यांकडे बघून बिचकला की तडा सांगायचा, माझ्याशी हुज्जत घातलेल्यांचं एवढंच उरलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको तयार कवळ्यांना पॉलिश करायची. हात तिचा मऊ, जीभ मात्र कानशीसारखी.

आलेला म्हातारा सत्तरीच्या चांगलाच पुढे गेलेला. बरोबर मुलगी. खुर्चीत बसण्याआधी त्याने खिशातून रुमाल काढला, बैठक पुसली, रुमाल उलटून किती मळला ते पाहिलं आणि मग टेकला. चेहऱ्यावरून तड्याने त्याला ओळखलं नसतं. दात गेले की नाक आणि हनुवटी एकमेकांच्या भेटीला निघतात, माणूस भलताच दिसायला लागतो. पण तो रुमाल त्याने ओळखला. हे साहेब. कपबश्यांच्या कारखान्यातले सुपरवायझर.

साहेबांनी त्याला ओळखलं नाही. मार खाणाऱ्याच्या लक्षात राहतं, मारणाऱ्याच्या कुठून राहायला? बोलत होती ती मुलगीच. आधीच्या दोन कवळ्या फुकट गेल्या, खालची हिरडी झिजून पाटीसारखी सपाट झाली आहे, तिच्यावर काही ठरतच नाही, आठ महिने बाबा नुसतं पातळ गिळतायत, अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागलेत. बसवली तर तुम्हीच बसवाल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तडा म्हणाला, बसवू की.

बावीस वर्षांपूर्वी तो तेवीसचा होता आणि त्याला कुणी तडा म्हणत नव्हतं. कारखान्यात तो प्लास्टरचे साचे ओतायचा. त्या साच्यांत पुढे पातळ माती ओतून कप निघायचे. साचेविभागाचे उस्ताद म्हणजे त्याचे वडील. साच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं की हा सुकलाय, हा कच्चा आहे, यात पाणी जास्त पडलंय. उस्तादांचा कान म्हणजे कारखान्याचं कोर्ट, आणि त्यावर अपील नव्हतं. पोरगा मात्र पक्का थट्टेखोर. साहेबांच्या रुमालाची नक्कल करून सगळ्या विभागाला हसवायचा. साहेबांनी ती नक्कल दोनदा दाराआडून पाहिलीही होती.

एकदा मालक कारखाना बघायला यायचे होते. पोराने दोनशे नवे साचे ओतून ठेवलेले. सुकायला त्यांना चार दिवस हवे होते, साहेबांकडे एकच होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर साहेबांनी स्वतः रॅक ओढत नेऊन भट्टीच्या दाराशी लावले. पहारेकऱ्याने ते पाहिलं, पण पहारेकऱ्यालाही नोकरी टिकवायची होती; पोराला त्याने ते सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर. सकाळी सगळ्यांत आधी पोरगा आला, तर रॅक अजून भट्टीशीच, दोनशेच्या दोनशे साच्यांना तडे आणि फरशीवर रॅक ओढल्याच्या ताज्या रेघा. तो धावत वडिलांना बोलवायला गेला. दोघं येईपर्यंत रॅक जागच्या जागी होते आणि फरशी पुसून लख्ख झाली होती.

साहेबांनी मालकांना सांगितलं की या पोराने मस्करीच्या नादात प्लास्टरमध्ये पाणी जास्त घातलं. मालकांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी एक फुटका साचा उचलला, कानाशी धरला, पेराने वाजवला. आवाज पोचट आला.

घात झाला तो इथेच. पाणी जास्त झालेला साचा पोचट वाजतो, आणि आगीजवळ भाजून निघालेला साचाही थेट तसाच पोचट वाजतो. उस्तादांनी तीस वर्षांत कधी साचा भाजू दिलाच नव्हता, मग तो आवाज त्यांना ओळखीचा असणार कुठून? तड्याला स्वतःलाही हे कळलं ते पुढे कवळ्यांच्या कामात एकदा प्लास्टरचा जबडा दिव्याजवळ राहून गेला तेव्हा. तोवर सांगायला वडील उरले नव्हते.

"पाणी जास्त झालंय," उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले. पोटच्या पोराचीही गय केली नाही म्हणून लोकांनी त्यांना वाखाणलं. पोराची नोकरी त्या दिवशी गेली आणि तडा हे नाव दुसऱ्या दिवशी आलं. नोकरीसारखं ते नाव काही नंतर गेलं नाही. त्याहून वाईट गोष्ट घरात झाली. वडील पुढे नऊ वर्षं जगले आणि नऊ वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. रोज एकाच खोलीत जेवायचे. मधे आई. त्याला म्हणावं मीठ सरकव, असं ते आईला सांगत. त्याने सरकवलेलं मीठ मग आईने उचलून त्यांच्या हातात द्यायचं, कारण त्याच्या हातून ते घेत नसत. दीड हात लांब असलेलं मीठ दोन माणसांच्या हातून प्रवास करून वडिलांपर्यंत पोचायचं. थट्टेखोर पोराला यावरही एखादा विनोद सुचला असता, पण ऐकवायचा कुणाला?

तर आता ते साहेब त्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसले होते.

मुलगी कागद आणायला डॉक्टरीणबाईंकडे गेली. माप घ्यायची पेस्ट तड्याने ट्रेमध्ये भरली, ट्रे साहेबांच्या तोंडात घातला आणि वरून बोटाने दाबून धरला. ही पेस्ट घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाने नाकाने श्वास घ्यायचा; बोलणं, गिळणं, मान वळवणं सगळं बंद. तडा त्यांच्या कानाशी वाकला.

"हलू नका हं साहेब, माप बिघडेल. बिघडलं तर माझ्यावर येईल. तशी सवय आहे मला. उस्तादांचा मुलगा मी. दोनशे साचेवाला."

साहेबांचे डोळे त्याच्याकडे वळले. मान वळवता येत नव्हती. मग त्याने रॅक काढले, फरशीवरच्या रेघा काढल्या, पहारेकरी काढला, पोचट आवाज, मीठ, सगळं ओळीने काढलं. बावीस वर्षं मनात घोळवलेलं हे भाषण तासाभराचं तरी होईल अशी त्याची कल्पना होती. तीन मिनिटांत संपलं. उरलेलं एक मिनिट दोघंही नुसते नाकाने श्वास घेत राहिले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण या पेस्टने कुणाच्याही डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे ते हिशेबात धरता येईना.

ट्रे निघाला. साहेबांनी चूळ भरली, रुमालाने तोंड टिपलं, रुमाल उलटून पाहिला.

"पुढच्या वेळी कधी येऊ?" एवढंच ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

तड्याने शिव्यांची तयारी ठेवली होती, रडण्याची ठेवली होती, मी नाही त्यातला असं म्हणण्याचीही ठेवली होती. तारीख विचारतील अशी नव्हती ठेवली.

चार दिवस त्याने मेणावर दात बसवले. काम असं उतरलं की त्याचं त्यालाच वाईट वाटलं. मग चौथ्या दिवशी सकाळी त्याने खालची उजवी दाढ केसभर उंच केली. केसभर म्हणजे अगदी केसभर. पहिल्या दिवशी काही कळत नाही. आठवड्याने जबडा ठणकायला लागतो, मग कान, मग अर्धं डोकं. घास चावला की घाव बसतो, आणि दुखतंय कुठे ते माणसाला बोट ठेवून दाखवता येत नाही. दुसऱ्या कुठल्या कवळीवाल्यालाही ते सापडलं नसतं.

बायकोला सापडलं. तिने पॉलिशचा ब्रश ठेवला, दातांमध्ये निळा कार्बनचा कागद धरून जबडा मिटवला आणि उघडला. सगळीकडे फिकट ठिपके, उजव्या दाढेवर एक गडद.

"हे चुकून की मुद्दाम?"

तो म्हणाला, मुद्दाम. म्हातारा कोण ते तिला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून ती साहेबांचं नाव जेवणाबरोबर तोंडी लावायला ऐकत आली होती. तिने वाद घातला नाही. दिवा पेटवून त्याच्यापुढे सरकवला.

"राहू द्यायची तर राहू द्या," ती म्हणाली. "पण या हाताने आज काम बिघडवलं, म्हणजे तेव्हाही बिघडवलं असेल, असं उद्या मला वाटायला लागलं तर? तुमच्या वडिलांच्या कानापुढे माझा कान तो काय."

दुपारपर्यंत तो सुरी हातात घेऊन बसून होता. जेवण तसंच झाकून राहिलं. मग त्याने सुरी दिव्यावर धरली, मेण पातळ केलं आणि दाढ खाली घेतली. दाढ खाली आली, राग खाली आला नाही. उलट हातचं काम गेल्यामुळे तो जास्तच वळवळायला लागला. तेव्हा तड्याने एक कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात तीन वाक्यं लिहिली.

मेणातली कवळी तोंडात घालून पाहायच्या दिवशी माणसाला बोलायला लावतात. दात चुकीचे बसले असतील तर ‘स’ला शिट्टी येते, ‘च’ जाड होतो. तडा सगळ्यांना साठपासून पुढे मोजायला सांगायचा आणि वर एखादं वाक्य द्यायचा. नवऱ्यांना तो ‘चूक सगळी माझीच’ म्हणायला लावायचा. बायका फार खूश व्हायच्या.

साहेबांनी बैठक पुसली, बसले. कवळी खालच्या सपाट हिरडीवर अशी बसली की जणू तिथेच उगवली होती. साठ, एकसष्ट, बासष्ट. त्रेसष्टला बारीक शिट्टी आली आणि मुलगी हसली. तड्याने कागद पुढे केला. साहेबांनी तो मनातल्या मनात वाचला. मग दोन बोटांनी कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली.

"टोचतंय का बाबा?" मुलीने विचारलं.

साहेब तिच्याकडे न बघता तड्याशी बोलू लागले. बिनदाताचं, नुसत्या ओठांचं, हवा निसटणारं, भराभर पुटपुटलेलं बोलणं. मुलीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तड्याचं निम्मं आयुष्य बोळक्या तोंडांशी बोलण्यात गेलेलं; त्याला काना-मात्रेसकट कळलं. साहेबांनी कागदावरची तिन्ही वाक्यं म्हटली. आणि कागदावर नसलेलं चौथंही म्हटलं.

तड्याने टेबलाची कड धरली. बायकोने पॉलिशचं मशीन बंद केलं. बाबा काय म्हणाले, असं मुलगी त्याला विचारत होती. नाही कळलं म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती, आणि बापाची इज्जत मुलीपुढे शाबूत राहिली असती. तो विचार त्याच्या मनात आला. पण त्याच्या स्वतःच्या बापापुढे साहेबांनी त्याची इज्जत कुठे शाबूत ठेवली होती?

"दात घाला साहेब," तो म्हणाला. "त्यांना कळलं नाही. परत म्हणा. उस्तादांचंसुद्धा."

साहेबांनी दात घातले. कागद घेतला नाही.

"साचे सुकले नव्हते. संध्याकाळी रॅक भट्टीशी मीच सरकवले. दोष साचे ओतणाऱ्याचा नाही, सगळा माझा." मग रुमाल मुठीत धरून म्हणाले, "पुढे उस्ताद दोनदा माझ्या घरी विचारायला आले होते, खरं सांगा म्हणून, आणि दोन्ही वेळा मी पाणीच म्हणालो."

मुलीचं हसू ओठांवर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. साचे ओतणारा कोण, असं तिने हळूच विचारलं. साहेबांनी रुमाल धरलेल्या हाताने तड्याकडे दाखवलं.

वडील दोनदा गेले होते. ज्या कानावर अपील नव्हतं, त्या कानावर उस्तादांनी स्वतःच दोनदा अपील केलं होतं, चपला झिजवून, याच माणसाच्या दारात.

"‘स’ला अजून जरा शिट्टी येतेय," तडा म्हणाला. त्याने एक दात केसभर आत घेतला. "परत."

साहेब परत म्हणाले. शिट्टी गेली होती. तड्याने तरी आणखी चार वेळा म्हणून घेतलं.

कवळी तयार झाली. आठ दिवसांनी साहेब दाखवायला आले तेव्हा हिरडीवर कुठे लाल ठिपकाही नव्हता. एवढी बिनचूक कवळी परत तपासायची काही गरज नसते. तड्याने पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली. त्या तारखेला साहेब आले, आणि त्याच्या पुढच्याही. मुलगी बरोबर येते, दाराजवळच्या स्टुलावर बसते, काही बोलत नाही. साहेब बैठक पुसतात, बसतात, आणि कुणी न सांगता चारही वाक्यं म्हणतात. गाल आता भरलेत. कपडे अंगाला बसायला लागलेत.

चौथ्या महिन्यात ते दोघं जिना उतरून गेल्यावर बायको म्हणाली, अहो, त्या कवळीत तपासायला उरलंय काय? आणि हे चालायचं तरी किती दिवस?

"नऊ वर्षं," तडा म्हणाला.

"ते चौऱ्याहत्तरचे आहेत."

"म्हणून तर दात असे बसवलेत," तो म्हणाला आणि कॅलेंडरचं पान उलटून पुढची तारीख शोधू लागला. "दोन वेळा नीट चावून खाल्लं, तर सहज जगतील."