विरोधकाला पडलेलं एक मत

तेरणाकाठच्या जिल्हा परिषद गटातून महारुद्र तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा सपाटून आपटला. यंदा गट महिलांसाठी राखीव झाला, म्हणून त्यानं बायकोला उभं केलं. बॅनरवर स्वतःचाच फोटो मोठा छापला. पण प्रचारात जो तो विचारायचा, "मथुराक्का कुठंय?" त्याला कुणी पाणीसुद्धा विचारीना. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मथुराबाई दणक्यात निवडून आली. गावच्या बूथवर तर विरोधकाला एकच मत पडलं होतं.

"कोण हाय त्यो गद्दार?" गुलालानं माखलेला महारुद्र सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

गळ्यातला हार सारखा करत मथुराबाई त्याच्या कानाशी लागली.

"जाऊ द्या हो. घरातलंच माणूस हाय."